गाठीगाठीची पापणी

खोट्या पापण्यांची एखादी बरी जोडी भिंगाखाली धरली, तर केसांच्याही आधी नजरेत भरतात त्या गाठी. एक बारीक दोरा, त्यावर अगदी खेटून मारलेल्या गाठी आणि प्रत्येक गाठीतून निघालेले एक-दोन केस. मधले केस लांब, नाकाकडचे आखूड, टोकं निमुळती. सगळ्या केसांना एकच बाक. बाजारात यंत्रावर केलेल्या पट्ट्याही आहेत, पण चांगल्या जोडीतल्या गाठी आजही माणसाच्या बोटांनी मारलेल्या असतात. पार्लरच्या सामानाच्या दुकानात ही जोडी शंभर-दोनशे रुपयांना मिळते. लग्नात किंवा गॅदरिंगला एक संध्याकाळ डोळ्यांवर मिरवते आणि रात्री कापसाच्या बोळ्याबरोबर कचऱ्यात जाते.

ही वस्तू जन्मली तेव्हा मात्र ती पुन्हा पुन्हा वापरायची, जपून ठेवायची चीज होती. ती टाकाऊ कशी झाली हे पाहायचं, तर तिच्या घडणीत काय बदललं हे शोधून उपयोग नाही, कारण घडण फारशी बदललेलीच नाही. दोरा, केस आणि गाठ हीच तिची सामग्री शंभर वर्षांपूर्वी होती आणि आजही आहे. गाठ मारणारा हात तेवढा एका देशातून दुसऱ्या देशात सरकत गेला आणि प्रत्येक मुक्कामी स्वस्त होत गेला. या वस्तूचा मागोवा म्हणजे मुख्यतः त्या हाताचा मागोवा.

लांब पापण्यांची हौस अर्थातच फार जुनी. इजिप्तमध्ये डोळ्यांच्या कडा काजळाने काळ्या करत. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने अतिविषयोपभोगाने पापण्या झडतात असं लिहून ठेवलं. अशा समजुतीच्या समाजात दाट पापण्यांना शीलाचं प्रमाणपत्र मानलं गेलं असेल, तर नवल नाही. मध्ययुगाच्या अखेरीस युरोपात वारं उलटं फिरलं. कपाळ मोठं दिसावं म्हणून उच्चकुलीन बायका भुवया आणि पापण्यासुद्धा उपटून टाकू लागल्या. एकोणिसाव्या शतकाअखेर पुन्हा लांब पापण्यांचे दिवस आले आणि त्यासाठी एक भयंकर उपाय वर्तमानपत्रांत छापून येऊ लागला. १८८२ साली लंडनच्या 'ट्रुथ' या साप्ताहिकात हेन्री लाबुशेर यांनी लिहिलं, की पॅरिसमध्ये पापणीच्या कडेत सुईने केस शिवून घेतात. १८९९ साली स्कॉटलंडच्या 'डंडी कुरियर'ने तर त्याची कृतीच दिली. पापणीला कोकेनचं द्रावण चोळून ती बधिर करायची आणि डोक्यावरचाच केस सुईत ओवून टाके घालत जायचे. असं खरोखर किती जणींनी करून घेतलं असेल याबद्दल मला दाट शंका आहे. पण वाचकांना ते खरं वाटण्याजोगं होतं, म्हणजे मागणी होती. कमी होती ती वेदनेशिवायच्या वाटेची.

ती वाट टोप बनवणाऱ्यांच्या दुकानातून निघाली. टोप विणणारा कारागीर बारीक आकड्याने एकेक केस जाळीच्या छिद्रातून ओढून त्याला गाठ मारतो. हीच कला डोक्यावरून खाली पापणीपर्यंत आली. कार्ल नेसलर हा जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागातला केशकर्तनकार. केसांना यंत्राने कायमचे कुरळे करण्याची पद्धत काढणारा म्हणून त्याचं नाव इतिहासात राहिलं. त्याच नेसलरने १९०२ साली ब्रिटनमध्ये कृत्रिम भुवया आणि पापण्या विणण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. पुढे १९११ साली कॅनडातल्या ऑटावा शहरातल्या अ‍ॅना टेलर यांना अमेरिकेत कृत्रिम पापण्यांचं पेटंट मिळालं. चंद्रकोरीच्या आकाराची कापडाची अगदी अरुंद पट्टी, तिच्या कडेला बारीक केस, आणि ती पापणीवर चिकटवायची, अशी ती रचना. आज दुकानात 'स्ट्रिप लॅशेस' म्हणून जे मिळतं, त्याची ही थेट आजी. पट्टी चिकटवता येते, तशी सोडवताही येते, आणि सोडवता आली की पुन्हा लावता येते. केस शिवण्यापेक्षा टेलर यांच्या पट्टीचं मोठेपण मला यातच वाटतं.

मराठी वाचकाला यातलं काहीच परकं वाटू नये. आपल्या संगीत नाटकांतले स्त्रीपार्टी नट टोप आणि गंगावन लावूनच रंगमंचावर उभे राहत. घरोघरीही आंबाडा भरदार दिसावा म्हणून गंगावन घालत. विंचरताना निघालेलं गुंतवळ साठवून त्याचंच गंगावन करून घेणाऱ्या बायका होत्या. ते एकदा केलं की वर्षानुवर्षं धुऊन, विंचरून, तेल लावून जपलं जाई. दुसऱ्याचा किंवा आपलाच गळालेला केस अंगावर घालायचा तर तो स्वच्छ ठेवायचा, ही रीत आपल्याकडे अंगवळणी पडलेली होती. नाटकवाल्यांच्या पेटीतली दाढी-मिशी चिकटवायला जो स्पिरिट गम वापरत, तोच पुढे हॉलिवूडमध्ये पापण्यांना लागला आणि त्याने घोटाळा केला.

तो प्रसंग १९१६ सालच्या 'इन्टॉलरन्स' या मूकपटाचा. दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी प्राचीन बाबिलोनचा प्रचंड देखावा उभारला होता. राजाच्या लाडक्या प्रियेची भूमिका करत होती सीना ओवेन. तिचे डोळे या जगातले वाटू नयेत, पापण्या गालांना टेकाव्यात, असं ग्रिफिथ यांना वाटलं. टोप बनवणाऱ्याने झिरझिरीत जाळीच्या धाग्यांतून माणसाचे केस विणले आणि ती पट्टी रोज गोंदाने सीनाच्या पापण्यांवर चिकटवली जाऊ लागली. त्याच चित्रपटात काम केलेल्या लिलियन गिश यांनी आपल्या आठवणींत पुढची गोष्ट सांगितली आहे. एके दिवशी सीना स्टुडिओत आली ती डोळे सुजून जवळपास मिटलेल्या अवस्थेत. तिची महत्त्वाची दृश्यं आधीच चित्रित झाली होती, म्हणून चित्रपट अडला नाही.

खोट्या पापण्यांचा शोध ग्रिफिथ यांनी लावला असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. ते बरोबर नाही. नेसलर आणि टेलर यांची पेटंटं त्याआधीची आहेत. पण या प्रसंगाला मी वेगळं महत्त्व देतो. पुढच्या शंभर वर्षांत पापण्यांमुळे डोळ्यांना जो त्रास झाला, त्याचं मूळ बहुतेक वेळा केसांत नव्हतं, गोंदात आणि मळात होतं. हे पहिल्याच ठळक उदाहरणात दिसलं होतं. स्पिरिट गम हा राळ आणि अल्कोहोल यांचा गोंद. मिशीखालची जाड कातडी तो सोसते. पापणीची कातडी सगळ्या शरीरात सर्वांत पातळ, आणि तिच्या कडेला तेल स्रवणाऱ्या ग्रंथींची तोंडं उघडी असतात. तिथे तोच गोंद रोज लावायचा आणि रोज खरवडायचा, म्हणजे सूज येणारच.

हॉलिवूडने धडा घेतला तो गोंदाबाबत. पापण्यांचा मोह काही सुटला नाही. पोलंडहून लॉस एंजेलिसला आलेले मॅक्स फॅक्टर मुळात टोपांचे आणि रंगभूषेचे कारागीर. त्यांनी नट्यांसाठी पापण्या बनवल्या. तीसच्या दशकात जवळून टिपलेल्या चेहऱ्यांवर लांब पापण्यांची सावली पडू लागली. पण अजून ही वस्तू स्टुडिओतल्या पेटीतलीच होती. ती घराघरांत पोचायला ब्रिटनमधल्या डेव्हिड आणि एरिक आयलॉट या भावांची वाट पाहावी लागली. दोघेही सिनेमाचे रंगभूषाकार. त्यांनी १९४७ साली आयल्यूर ही कंपनी काढली आणि साठच्या दशकात खोट्या पापण्या दुकानांच्या काचेच्या कपाटांत आल्या.

मग आली ट्विगी ही मॉडेल. लंडनच्या उपनगरातली ही लेस्ली हॉर्नबी १९६६ साली सोळा वर्षांची होती. काडीसारखा देह, मुलासारखे कापलेले केस आणि चेहऱ्यावर फक्त डोळेच डोळे. वरच्या पापणीवर ती एकावर एक तीन जोड्या लावायची आणि खालच्या पापणीचे केस ब्रशने कातडीवर रंगवायची. तिच्या नावाच्या पापण्या बाजारात आल्या. साठच्या दशकातल्या हिंदी सिनेमातल्या नायिकांचे डोळे आठवून पाहा. कानाकडे ओढलेली काजळरेषा आणि तिच्यावर जड पापण्या. लंडनची लाट मुंबईच्या स्टुडिओंपर्यंत पोचायला वेळ लागला नव्हता.

त्या दिवसांत जोडी स्वस्त नव्हती, म्हणून ती जपली जाई. ती विकतच लहानशा कडक डबीत. आत पापणीच्या बाकाचा उंचवटा असे आणि काढल्यावर जोडी पुन्हा त्याच उंचवट्यावर बसवायची. बाक गेला तर तो परत आणायची एक युक्तीही होती. ओली पापणी टिश्यू कागदात गुंडाळायची, तो कागद पेन्सिलीभोवती घट्ट लपेटून वर रबर चढवायचा आणि रात्रभर ठेवून द्यायचं. माणसाचा केस ओला झाला की सैल पडतो आणि ज्या आकारात वाळतो तो आकार धरतो. आपल्या आज्या ओले केस कपड्याच्या चिंध्यांवर गुंडाळून कुरळे करत, त्यामागचं शास्त्रही हेच. ही युक्ती माणसाच्या केसांच्या पापण्यांना आजही उत्तम चालते.

इथून पुढे गोष्ट आरशातून बाहेर पडून कारखान्यात शिरते.

१९६५ च्या सुमारास अमेरिकेच्या अर्थखात्याने साम्यवादी चीनमधून येणाऱ्या केसांवर बंदी घातली. त्या काळी अमेरिकेत टोपांची प्रचंड लाट होती आणि कच्चा माल बहुतेक आशियातून येई. केस 'साम्यवादी' नाही याचा दाखला आयातदाराकडून मागितला जाऊ लागला. चीनची जागा दक्षिण कोरियाने घेतली. कोरियातल्या खेड्यापाड्यांतून फेरीवाले बायकांचे लांब केस विकत घेत हिंडू लागले आणि सोलच्या कारखान्यांत तरुण मुली टोप विणू लागल्या. १९७० साली कोरियाच्या एकूण निर्यातीतला नऊ-दहा टक्के वाटा एकट्या टोपांचा होता. ज्या देशाची आज मोटारी आणि मोबाइल फोन ही ओळख आहे, त्याने उद्योगाची पहिली पायरी चढली ती खेड्यातल्या बायकांच्या वेण्यांवर पाय देऊन. टोपांच्या सोबतीने पापण्याही तिथेच बनू लागल्या, कारण हात तोच, आकडा तोच आणि गाठही तीच.

त्या मुलींचं पुढे काय झालं हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. वायएच ट्रेडिंग ही १९६६ साली निघालेली कंपनी काही वर्षांत कोरियातली टोपांची सगळ्यांत मोठी निर्यातदार बनली. भरभराटीच्या काळात तिथे सुमारे चार हजार कामगार होते. पुढे टोपांची लाट ओसरली आणि १९७९ च्या ऑगस्टमध्ये कंपनीला टाळं लागलं. थकलेली मजुरी आणि काम परत मिळावं म्हणून जवळपास दोनशे स्त्री कामगारांनी विरोधी पक्षाच्या मुख्यालयात ठिय्या दिला. ११ ऑगस्टच्या पहाटे पोलीस आत घुसले. त्या धुमश्चक्रीत किम क्योंग-सुक ही एकवीस वर्षांची कामगार मृत्युमुखी पडली. देशभर संताप उसळला. राजकीय पेच चिघळत गेला आणि २६ ऑक्टोबरला हुकूमशहा पार्क चुंग-ही यांची त्यांच्याच गुप्तचरप्रमुखाने हत्या केली. केसांच्या गाठी मारणाऱ्या मुलींच्या लढ्याने एका राजवटीच्या अखेरीला तोंड फुटलं, असं कोरियात मानलं जातं. त्या मुलींबद्दल मला अतोनात आदर वाटतो.

कोरियातली मजुरी वाढली तसं काम तिथून हललं. कोरियन कंपन्यांनी इंडोनेशियात जावा बेटावरच्या पुरबालिंगा जिल्ह्यात कारखाने काढले. तिथे टोप आणि पापण्या हाच आज मोठा रोजगार आहे आणि तो बहुतांश बायकांच्या हाती आहे. कारखान्यात जागा अपुरी पडली की दोरे आणि केस गावात वाटले जातात. घराच्या ओसरीवर बसून बायका गाठी मारतात आणि नगावर पैसे घेतात. बायका कारखान्यात आणि पुरुष घरी मुलं सांभाळतायत, हे तिथल्या अनेक घरांतलं नेहमीचं दृश्य. विडी वळणाऱ्या सोलापूरच्या बायकांचं जिणं ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना नगावरच्या मजुरीचं गणित समजावून सांगायला नको. नग मोजताना नाकारलेला माल मजुरीतून जातो आणि मान-डोळ्यांचं दुखणं कुणाच्याच हिशेबात येत नाही.

याच सुमारास कामाचा दुसरा ओघ चीनच्या शान्दोंग प्रांतात वळला. चिंगदाओ बंदराजवळचं पिंगदू हे शहर आज जगाची पापण्यांची राजधानी मानलं जातं. जगातल्या सुमारे सत्तर टक्के खोट्या पापण्या तिथून जातात असं सांगतात. तिथे माणसाच्या केसाच्या जागी मोठ्या प्रमाणावर पीबीटी हा कृत्रिम धागा आला. हा पॉलिएस्टरच्या कुळातला धागा. तो नळकांड्याभोवती गुंडाळून भट्टीत तापवला की त्याचा बाक पक्का होतो आणि पाण्याने जात नाही. माल स्वस्त झाला आणि एकसारखा मिळू लागला. मिंक या प्राण्याच्या लवेच्या महागड्या पापण्यांचीही टूम निघाली. मिंकची लव विंचरून गोळा करतात, प्राण्याला इजा होत नाही, असा प्रचार विक्रेते करतात. तो मला पटत नाही. मिंक पिंजऱ्यात पाळतात ते कातड्यासाठी. भारताने २०१७ साली मिंकच्या कातड्यांची आयात बंद केली, ते योग्यच झालं.

चीनमध्येही मजुरी चढली तेव्हा दोरा आणि केस सीमेपलीकडे, उत्तर कोरियात जाऊ लागले. गाठी तिथे मारायच्या, माल परत चीनमध्ये आणून वेष्टनात घालायचा आणि जगभर विकायचा. ३१ जानेवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या अर्थखात्याने जाहीर केलं, की ई.एल.एफ. या सौंदर्यप्रसाधनांच्या अमेरिकी कंपनीने ९,९६,०८० डॉलर भरून एक प्रकरण मिटवलं आहे. चीनमधल्या दोन पुरवठादारांकडून २०१२ ते २०१७ या काळात आलेल्या खोट्या पापण्यांच्या १५६ खेपांमध्ये उत्तर कोरियात तयार झालेला माल होता. कंपनीने हे स्वतःहून उघड केलं होतं. त्याच्या सुमारे चोपन्न वर्षं आधी ज्या खात्याने चिनी केसावर बंदी घातली, त्याच खात्याला पुन्हा केसांच्या गाठीचं मूळ गाव शोधावं लागलं.

दंड झाला म्हणून धंदा थांबला नाही. चिनी सीमाशुल्काच्या आकड्यांनुसार २०२३ साली उत्तर कोरियातून चीनमध्ये सुमारे १,६८० टन टोप, दाढ्या आणि पापण्या गेल्या. त्यांची किंमत सुमारे १६.७ कोटी डॉलर, म्हणजे चीनला होणाऱ्या नोंदलेल्या निर्यातीत निम्म्याहून अधिक. तिथल्या मजुराच्या हातात यातलं किती पडतं याचा अंदाज त्या राजवटीची ओळख असणाऱ्या कुणालाही करता येईल.

या साखळीतल्या पहिल्या कडीला आपणही आहोत. माणसाच्या केसांचा भारत हा जगातला मोठा पुरवठादार. तिरुमलाच्या बालाजीला वाहिलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं. लांबीनुसार प्रती ठरतात आणि त्यातून मोठी रक्कम उभी राहते. देवाला न वाहिलेले केसही बाजारात येतात. महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांत 'केसावर भांडी', 'केसावर फुगे' अशी आरोळी देत जाणाऱ्या बायका आणि पोरं जे गुंतवळ गोळा करतात, ते गोण्यांत भरून व्यापाऱ्यांकडे पोचतं. महाराष्ट्राच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या कोप्पळजवळच्या भाग्यनगरात आणि बंगालमध्ये बायका ते गुंतवळ सोडवतात, धुतात, लांबीप्रमाणे जुड्या बांधतात. तयार जुड्या टोप आणि केसांच्या इतर वस्तूंसाठी परदेशी जातात. कच्चे केस चोरट्या वाटेने म्यानमारमार्गे चीनला जातात, अशा तक्रारी देशातल्या कारागिरांनी केल्या, तेव्हा केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. लंडनच्या मानववंशशास्त्रज्ञ एमा टार्लो यांनी २०१६ साली केसांच्या या जागतिक प्रवासावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. सोडवणाऱ्या, निवडणाऱ्या, विणणाऱ्या हातांची इतकी बारकाईने दखल क्वचितच कुणी घेतली असेल.

तर ही जोडी शंभर-दोनशे रुपयांना पडते, ती अशी. ती स्वस्त झाली आणि साठच्या दशकातली डबी, पेन्सिल, टिश्यू कागद हे सगळं मागे पडलं. गेल्या पंचवीसेक वर्षांत कोरिया-जपानकडून एक्स्टेन्शनची पद्धत आली. तिच्यात तर पुनर्वापराची वाटच बंद झाली. एकेका खऱ्या केसावर एकेक खोटा केस सायनोअ‍ॅक्रिलेट या जहाल गोंदाने चिकटवतात आणि दोन-चार आठवड्यांत खरा केस गळला की त्याच्याबरोबर खोटाही जातो. जपानमधल्या नेत्रतज्ज्ञांनी या गोंदामुळे आणि तो काढायच्या द्रावणामुळे डोळ्यांच्या पृष्ठभागाला झालेल्या इजांची नोंद केली आहे. माझं मत विचाराल तर पट्टी बरी. ती रात्री उतरते आणि डोळ्याला विसावा देते.

लांबीचंही एक शास्त्र आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१५ साली बावीस जातींच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. पापणीची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश असली की डोळ्यावरून वाहणारी हवा मंदावते, ओलावा टिकतो आणि धूळ कमी बसते, असं त्यांना आढळलं. त्याहून लांब पापणी हवा उलट डोळ्याकडे वळवते आणि डोळा लवकर कोरडा पडतो. गालाला टेकणाऱ्या पापण्या सिनेमापुरत्या ठीक. तासन्‌तास लावायची जोडी मध्यम लांबीची निवडलेली बरी.

आता जपणुकीकडे येतो, कारण एवढ्या हातांतून आलेली वस्तू एका संध्याकाळीत संपू नये, हेच मला या लेखातून सांगायचं आहे. जोडी काढताना केसांना धरून ओढली की गाठी निसटतात आणि आपल्या खऱ्या पापण्याही उपटून येतात. कोमट पाण्यात किंवा मेकअप रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस मिटलेल्या डोळ्यावर थोडा वेळ धरावा, गोंद मऊ होऊ द्यावा आणि कानाकडच्या टोकापासून पट्टीला धरून हलके सोडवत आणावं. पट्टीवर उरलेला गोंद तसाच ठेवून त्यावर नवा लावणं ही सगळ्यांत वाईट सवय. त्या थरात कातडीचे कण, तेल आणि रंग अडकतो, जंतू वाढतात, पट्टी जाड आणि कडक होते आणि पापणीच्या कडेला टोचते. बोटांनी पट्टी धरून चिमट्याने तो थर सोलून काढावा. मग स्पिरिट लावलेल्या स्वच्छ कापसाने पट्टी पुसावी आणि चिमटाही पुसावा. कागदावर ठेवून जोडी पूर्ण वाळू द्यावी. तेलकट रिमूव्हर लागला असेल तर तो साबणाच्या पाण्याने घालवावा, नाहीतर पुढच्या वेळी गोंद धरत नाही. खोट्या पापण्यांवर मस्कारा लावू नये. तो काढायच्या खटपटीतच बहुतेक जोड्यांचा जीव जातो. कृत्रिम धाग्याच्या पापण्या फार गरम यंत्राजवळ नेऊ नयेत, त्यांचा आकार बिघडतो. आणि गोंद घ्यायचा तो पापण्यांसाठीचाच. रबराच्या चिकाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी लेटेक्स नसलेला घ्यावा, आणि कोणताही नवा गोंद आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहावा.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात एक जास्तीची काळजी घ्यायला हवी. दमट हवेत बंद डबीत ठेवलेल्या ओलसर जोडीला बुरशी धरते. ती केसांच्या बुंध्याशी असते, त्यामुळे चटकन दिसतही नाही. नव्या चपलांच्या किंवा औषधांच्या खोक्यात येणारी ओलावा शोषणारी पुडी त्या डबीशेजारी ठेवावी. एवढं केलं तर साधी जोडी पाच-दहा वेळा सहज चालते, माणसाच्या केसांची नीट विणलेली जोडी त्याहूनही अधिक. पट्टी ताठरली, गाठी सुटू लागल्या किंवा वास येऊ लागला की मात्र तिला निरोप द्यावा.

जपून पुन्हा वापरायचं म्हणजे आपली आपण वापरायची, वाटून घ्यायची नव्हे. शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगला, गणेशोत्सवातल्या नाचांना, लावणीच्या आणि भरतनाट्यमच्या कार्यक्रमांत अनेकदा एकच डबी सगळ्या मुलींमध्ये फिरते. रंगपटातल्या घाईत एकीच्या डोळ्यावरची जोडी दहा मिनिटांत दुसरीच्या डोळ्यावर जाते. डोळे येण्याची साथ, रांजणवाडी, पापणीच्या कडेची सूज, सगळं त्या एका डबीतून पसरू शकतं. नाच बसवणाऱ्या ताई-सरांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की प्रत्येक मुलीला तिची स्वतंत्र जोडी आणि तिच्या नावाची डबी द्या. एका वेळच्या नाश्त्याच्या खर्चात ते बसतं. कार्यक्रम संपल्यावर त्या डब्या गोळा करून कुठे फेकू नका. मुलींना पट्टी सोलायला आणि पुसायला शिकवा आणि त्यांच्या त्यांना घरी नेऊ द्या. पुढच्या वर्षी त्याच जोड्या कामी येतील. कुणाचा डोळा लाल झालेला असेल, तर तिला त्या दिवशी पापण्यांशिवाय नाचू द्या. डोळा बरा झाल्यावर तिची जुनी जोडी टाकून तिला नवी घेऊन द्या.